कालच्या मालाची ताटली

आमच्या डाळ मिलमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण मिल चालायची ती भाऊंच्या तब्येतीवर. सकाळी साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ भाऊ जागेवर असायचे. जागेवर म्हणजे खुर्चीत नव्हे, खुर्चीत ते दिवसभरच असायचे. त्या दीड तासात ते माणूस ओळखायचे, बोललेलं लक्षात ठेवायचे, सही करताना हात फारसा हलायचा नाही. अकरानंतर केबिनचं दार लागायचं. म्हणून गिऱ्हाईक, दलाल, बँकेचा माणूस, कामगारांच्या रजा, सगळं अकराच्या आत. फोनवर कोणी म्हणालं की मी दुपारून येतो, तर मी सांगायचे, दुपारी भाऊ पाचोऱ्याला जातात. माणूस आठ वर्षं रोज पाचोऱ्याला गेला असता तर तिथल्या लोकांनी त्याला नगराध्यक्ष केलं असतं. पण उलटून कोणी विचारायचं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

भाऊ म्हणजे आमचे मालक. जळगावच्या एमआयडीसीतली ही मिल त्यांच्या वडिलांनी काढलेली. मी तिथे बावीस वर्षं आहे. आधी टायपिंगला लागले, मग कारकून झाले, आणि पुढे कोणी नेमलेलं नसताना सगळंच बघायला लागले. पिंप्राळ्यातून स्कूटरवर येते, सगळ्यांच्या आधी कुलूप उघडते. मला सगळे ताई म्हणतात. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणतात.

भाऊंची ख्याती होती जिभेची. काम खरं दाढेचं, पण बोलायची पद्धत तशीच, 'भाऊंची जीभ'. तुरीला तेल-पाणी लावून ती फरशीवर तीन-चार दिवस उन्हात वाळवावी लागते. पुरती वाळली की साल सुटतं आणि दाण्याच्या दोन फाकी सरळ होतात. कच्ची राहिली की मशीनमध्ये पिचते, आणि डाळीऐवजी चुरी निघते. तर माल वाळला की नाही, हे भाऊ एक दाणा चावून सांगायचे. रोज दहाला स्टीलच्या ताटलीत मूठभर तूर घेऊन मी केबिनमध्ये जायची. भाऊ दाणा दाढेखाली धरायचे, डोळे मिटायचे, कट् असा बारीक आवाज यायचा. मग म्हणायचे, "झाला. भरडा." नाहीतर, "आणखी एक ऊन दाखवा." ओलावा मोजायचं मशीन आमच्याकडेही आहे, कपाटात, वरच्या प्लास्टिकसकट. भाऊ म्हणायचे, मशीनला बाप नसतो. त्यांना बापानं शिकवलं होतं.

आणि खरंच, सुरुवातीची कितीतरी वर्षं ते चुकल्याचं मला आठवत नाही. लांबलांबचे मिलवाले मूठभर तूर पुडीत बांधून विचारायला यायचे. तेव्हा पिणं होतं, पण ते रात्रीचं, घरचं. मग ते दुपारचं झालं. आणि एका हिवाळ्यात सकाळी साडेनऊलाच केबिनमध्ये लवंगेचा वास यायला लागला. भाऊंना लवंग कधीच आवडत नव्हती.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. ताटली माझ्या हातात होती, दारात आमचे मिस्तरी उभे होते. हे मिस्तरी भाऊंच्या वडिलांच्या वेळचे, मशीनच्या आवाजावरून बेअरिंग सांगणारे. भाऊंनी दाणा चावला आणि म्हणाले, "भरडा." मिस्तरी हळूच म्हणाले, "भाऊ, एक ऊन राहू द्या. अजून नरम आहे." भाऊ उसळले, "मला शिकवतो?" माल भरडला. दुपारपर्यंत चुरीच चुरी. भाऊ बाहेर आले, मशीन चुकीचं लावलं म्हणून सगळ्यांसमोर मिस्तरींना बोलले आणि तिथल्या तिथे काढून टाकलं. म्हातारा डबा हातात घेऊन गेटपर्यंत चालत गेला. आम्ही चाळीस माणसं उभी होतो. एकाचंही तोंड उघडलं नाही. माझंही नाही, आणि मी तर ताटली धरून उभी होते.

संध्याकाळी हात धुताना नळावर अक्का आली. अक्का म्हणजे फरशीवरची मुकादमीण, पारोळ्याकडची, तेव्हाच पन्नाशीच्या घरातली. फरशीवरची तूर बायका पायानं फिरवतात, सऱ्या पाडत जातात, म्हणजे खालचा दाणा वर येतो. अक्का त्यांच्यात सर्वांत जुनी. ती म्हणाली, "आज मिस्तरीना नंबर लागना, ताई. सकाय मना."

"आज त्यांचा, उद्या तुझा, परवा माझा. मग काय करायचं?"

"कालदिनना माल दाखाडा ना भाऊले. तो ते पक्काच शे."

म्हणजे आदल्या दिवशी जो ढीग वाळून भरडायला गेला, त्यातलीच मूठभर तूर बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ताटलीत घालायची. भाऊ चावतील, वाळलेलाच असेल, "झाला" म्हणतील. समजा म्हणाले, "एक ऊन दाखवा," तर आपण "बरं भाऊ" म्हणायचं. फरशीवरचा खरा माल कधी भरडायचा ते अक्का सांगेल. भाऊ चुकणार नाहीत, माल बिघडणार नाही, कोणाची नोकरी जाणार नाही. पहिल्या दिवशी ताटली ठेवून मी भाऊंकडे न बघता फायली चाळत राहिले. आठवड्याभरात सवय झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी अक्काला म्हणालेसुद्धा, आणि आम्ही दोघी हसलो.

आठ वर्षं ती ताटली मी नेली. आठ वर्षांत भाऊ एकदाही चुकले नाहीत. दारूनं त्यांचं काय काय गेलं ते त्यांना दिसत होतं. मुलगी बोलायची बंद झाली, भाऊबंद तुटले, गाडी चालवणं सुटलं. पण जिभेचं विचाराल तर ती शाबूत होती, रोज सकाळी दहाला त्याचा पुरावा मिळत होता. आणि तो पुरावा ताटलीत घालून मीच नेत होते.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता भाऊ गेटमध्ये पडले. सकाळी दहाला, म्हणजे चांगल्या वेळेत. नाकातून रक्त आलं. दवाखान्यातून सुटल्यावर वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, त्यांना घरी न आणता थेट व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. चार महिने. त्या चार महिन्यांत मिलला काही झालं नाही, हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खरंच काही झालं नाही. माल आला, वाळला, गेला. फक्त ती ताटली फळीवर पालथी पडून होती.

केंद्र सोनगीरच्या पुढे, हायवेवरून थोडं आत. रविवारी घरच्यांना भेटू देत. वहिनींना एकटीनं जायला नको वाटायचं, म्हणून मी बरोबर जायची. धुळ्याला उतरायचं, शिरपूरची गाडी धरायची, सोनगीरहून रिक्षा. इमारत पूर्वी लॉज असावी, प्रत्येक खोलीच्या दारावर अजून नंबर होते. अंगणातून किल्ला दिसायचा. तिथे बाकावर भाऊ बसलेले असायचे, सदरा खांद्यावरून उतरलेला, पण डोळे स्वच्छ. तसे डोळे मी विसरूनच गेले होते.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी ते मला म्हणाले, "ताई, इथल्या आमटीतली डाळ कच्च्या मालाची आहे. पहिल्या घासाला ओळखलं. स्वयंपाक्याला सांगितलं, तर बघतच राहिला." हात थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातात धरून ठेवला. "सगळं गेलं, पण जीभ नाही गेली. इथे रात्री झोप लागत नाही ना, तेव्हा मी तेवढंच म्हणतो. जीभ आहे. जाऊन पुन्हा उभं राहता येईल."

मी म्हणाले, "हो भाऊ."

त्याच दिवशी केंद्रातल्या सरांनी आम्हाला आत बोलावलं. हे सर पूर्वी शाळेत शिकवायचे आणि स्वतः पिऊन पिऊन इथे आलेले, पुढे इथेच राहिलेले. आठ-दहा घरची माणसं सतरंजीवर बसली होती. सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद दिला. म्हणाले, "पेशंटनं काय केलं ते आम्हाला पाठ आहे. तुम्ही काय केलं ते लिहा. त्याचं पिणं निभावून जावं म्हणून तुम्ही काय काय केलं. हा कागद आम्ही त्याला त्याच्यासमोर वाचून दाखवणार. बाहेर गेल्यावर त्याला फसवून जगवणारी माणसं भेटली, तर इथले चार महिने म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

वहिनी दोन्ही बाजू भरून लिहीत होत्या, मधूनमधून पदरानं डोळे पुसत होत्या. मीही लिहिलं. पाचोऱ्याचं लिहिलं. अकराच्या आतलं लिहिलं. भाऊ कुठे पडले की मी वॉचमनला सांगून गेट लावून घ्यायचे, तेही लिहिलं. मग ताटलीपाशी येऊन पेन थांबलं. खिडकीतून भाऊ दिसत होते, बाकावर, हातात हात धरून. मला वाटलं, हे ऐकलं तर हा माणूस आजच्या आज मरेल. एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे, ती मी कशी काढून घेऊ. मी कागदाची घडी घातली आणि सरांना दिली. तेव्हा ती दयाच वाटली होती. आता विचार करते तर दया कितपत होती आणि आठ वर्षांची चोरी उघडी पडायची भीती कितपत, ते सांगता येत नाही.

नवी तूर बाजारात यायला लागली आणि भाऊ परतले. गेटला तोरण बांधलं, पेढे वाटले. भाऊंनी फरशीवर येऊन सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग कोणीतरी टाळी वाजवली. दहाला मी केबिनमध्ये गेले. भाऊ म्हणाले, "ताटली?" मी बाहेर आले. फळीवरची ताटली धुतली, आणि हात आपसूक कालच्या मालाकडे गेला. त्यांनी दाणा चावला, डोळे मिटले. "झाला," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बघितलं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. भाऊ अकरानंतरही जागेवर! दुपारी दोनला बाहेर यायचे, मशीनपाशी उभे राहायचे, हे असं का, ते तसं का, विचारायचे. बाई न्हायला बसलेली असताना पाहुणे यावेत तशी सगळ्यांची तारांबळ. जेवून तासभर लवंडणारे उठून बसले. दलालांनी दुपारी परस्पर ठरवलेले सौदे भाऊंच्या कानावर जायला लागले. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवून ते विचारायचे, "काही अडचण आहे? खरं सांगा." सगळे म्हणायचे, "काही नाही भाऊ." आठ वर्षं आम्ही खोटंच बोलत आलो होतो, खरं कुठून सुरू करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. महिनाभरात गोदामातला एक जण माझ्याजवळ म्हणाला, "ताई, पिणारा मालक परवडला." मी त्याला झापलं. पण मनातून मलाही तेच वाटत होतं.

एकदा भाऊ त्या मिस्तरींच्या गावी जाऊन आले. केंद्रात शिकवलं होतं, ज्याला दुखावलं त्याच्याकडे स्वतः जायचं. आल्यावर मला म्हणाले, "म्हाताऱ्यानं चहा पाजला. माफ केलं म्हणाला. पण एकच धरून बसलाय, त्या दिवशी दाणा नरम होता म्हणे. ताई, नरम असता तर मला कळलं नसतं?" ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, दार बंद होतं. मी म्हणाले, "वय झालंय त्यांचं, भाऊ."

मार्चमध्ये ऊन चढलं. एका दुपारी अडीचच्या सुमाराला भाऊ डोक्याला रुमाल बांधून फरशीवर गेले. सकाळी त्यांनी "झाला, भरडा" म्हटलेला माल तिथेच पसरलेला, बायका त्यात पाय फिरवत होत्या. कडेला एक नवीन लागलेली पोरसवदा बाई होती. भाऊंनी तिला विचारलं, "हा सकाळी पास केला ना मी? अजून इथेच कसा?"

तिला बिचारीला काय माहीत. तिला वाटलं मालकांना हे ठाऊकच असणार. ती म्हणाली, "भाऊ, तुमनी ताटलीमा ते कालदिनना दाणा ऱ्हातस. हाऊ माल अक्का सांगी तवय भरडतस."

भाऊ म्हणाले, "कोणाकोणाला माहीत आहे?"

"बठ्ठासले माहित शे," ती म्हणाली.

त्यांनी मला आणि अक्काला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढला नाही, तेच जास्त भयंकर होतं. "कधीपासून?" मी सांगितलं. मिस्तरी गेले त्या दिवसापासून. भाऊंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, दोन ताटल्या आणा. एकीत वाळलेला, एकीत कच्चा. कोणती कोणती ते मला सांगू नका. अक्कानं आणल्या. भाऊंनी एक दाणा चावला, दुसरा चावला, आणि कच्च्या ताटलीवर बोट ठेवून म्हणाले, "हा झालेला." अक्कानं मान हलवली. पुन्हा बाहेर नेऊन अदलाबदल केली. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा तेच म्हणाले, "हे अंदाजानं आलं." अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊ." तिचे डोळे भरले होते. मी तिला एवढ्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

"अक्का, तुला कसं कळतं?"

"पायले समजस, भाऊ."

मला वाटलं होतं, आता हा माणूस सरळ उठून दारूच्या दुकानाकडे जाईल. पण भाऊंनी वाकून बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि बाहेर चालायला लागले. तापलेल्या फरशीवर, भर उन्हात, अक्काच्या मागोमाग तुरीत पाय फिरवू लागले. बायका पदराआड हसल्या, मग भाऊही हसले. पहिल्या दिवशी तळव्यांना फोड आले. दुसऱ्या दिवशी तेल लावून पुन्हा हजर. अक्का त्यांना रागवायची, "टाच नका दाबा, भाऊ. बोटं फिरवा, बोटं." पाचव्या-सहाव्या दिवशी ते एका कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "अक्का, इथे कच्चा आहे का गं?" अक्कानं तिथे पाय घातला. "हा. कच्चाच शे." भाऊ कोपऱ्यातच उभे राहून हसत राहिले. बावीस वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्या बायका पहिल्यांदाच त्यांच्याशी आपणहून बोलायला लागल्या होत्या, ढीग कुठे ओला राहतो, कुठल्या बाजूला सावली लवकर येते.

मला हे आवडायला हवं होतं. पण झालं असं की एक दलाल गिऱ्हाईक घेऊन आला, दोघं गेटपाशी थांबून हसले, आणि दलालानं मोबाइलवर शूटिंग केलं. दोन दिवसांत सगळ्या मिलवाल्यांत झालं, मालक बायकांबरोबर तूर तुडवतो. दारू डोक्यात गेली म्हणे. ऑफिसातली माणसं माना खाली घालून बसायला लागली. माझ्या घरी शेजारणीनं विचारलं. मला लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, दुसरंही एक होतं. मालक स्वतः पायानं ओळखायला लागला, तर माझ्या हातात काय राहणार? बावीस वर्षांत माझी म्हणावी अशी एकच गोष्ट त्या मिलमध्ये होती, ती ताटली.

त्या शूटिंगनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाऊंचे बूट हातात घेऊन फरशीच्या कडेला गेले.

"भाऊ, बरं नाही दिसत. लोक हसतात. तुम्ही केबिनमध्ये बसा, ताटली मी आणते."

ते घामानं निथळत होते. म्हणाले, "कुठल्या मालाची?"

"आजच्या."

"आणि चुकलो तर?"

मी म्हणाले, "आम्ही आहोत ना."

ते माझ्याकडे बघत राहिले. अक्कानं पाय फिरवणं थांबवलं. मग भाऊ कडेला बसले आणि मोजे न घालताच बूट चढवले. तळव्यांना तूर चिकटलेली होती, ती तशीच बुटात गेली. केबिनकडे चालत गेले आणि पुन्हा फरशीवर आले नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी साडेनऊला केबिनमध्ये लवंगेचा वास आला.

मिलमध्ये कोणी काही बोललं नाही. पण दोन दिवसांत सगळं जागच्या जागी गेलं. जेवणानंतर लवंडणारे पुन्हा लवंडायला लागले. सोमवारची बैठक आपोआप बंद झाली. दलाल दुपारचे यायला लागले. वॉचमननं तर कोणी न सांगता गेटवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकवलं, "साहेब पाचोऱ्याला गेलेत." मला तो आवाज ऐकून हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं होतं.

एप्रिलच्या शेवटी वहिनी मिलमध्ये आल्या. त्या कधी आत येत नसत, त्या दिवशी थेट माझ्या टेबलाशी आल्या. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "सोनगीरच्या सरांशी बोलले मी. ते पुन्हा घ्यायला तयार आहेत. पण मिलमधलं कोणीतरी बरोबर पाहिजे म्हणतात, आणि आल्यावर इथे काय बदलणार ते आधी ठरवून या म्हणतात. कधी जायचं?"

समोर भरलेलं गोदाम होतं, बाहेर दोन ट्रक उभे होते. मी म्हणाले, "वहिनी, आत्ता ऐन सीझन आहे. सीझन झाला की बघू."

त्यांनी बाहेरच्या ट्रककडे बघितलं. मग विचारलं, "त्या कागदावर तुम्ही ताटलीचं लिहिलं होतं का?"

"नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. पर्स उचलली आणि गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.

अक्का आता माझ्याशी कामापुरतं बोलते. माल ती पूर्वीसारखाच ओळखते, डाळ चांगली निघते, मिल चालते. बाहेरून बघणाऱ्याला आमच्याकडे काही बिघडलंय असं वाटणार नाही. भाऊंचा पाय मात्र आता सुजलेला असतो, बूट चढत नाही, चप्पल घालून येतात.

परवाची गोष्ट. मी ताटली घेऊन केबिनमध्ये गेले. भाऊंना यायलाच उशीर झाला होता, पावणेअकरा वाजले होते. भाऊ खुर्चीत होते, डोळे उघडे होते, शुद्धीत होते. त्यांच्यासमोर ताटली ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"झाला," दाण्याला हात न लावताच म्हणाले. "भरडा."

"बरं भाऊ," मी म्हणाले.

ताटली तशीच उचलली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. गेटवर कोणीतरी, भाऊ आहेत का, म्हणून विचारत होतं. अकरा वाजायला अजून दहा मिनिटं होती. मी वॉचमनला लांबूनच हात केला, सांग, पाचोऱ्याला गेलेत.